पोट भरते, अंग भरत नाही



बोईसरच्या बाजारात ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला काय मिळत नाही? डहाणूचे चिकू, सातपाटीचे पापलेट, ताजी भाजी, सारे दाराशी येते. आणि जो भाग आज आपल्याच जिल्ह्यात आहे, त्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२-९३ साली कुपोषणाने बालके दगावली. अन्न इतके जवळ असून ते पोहोचत का नाही?

धान्य दिले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफत मिळते. याने भूक भागते, हे खरेच. परंतु तांदूळ-गव्हात डाळ नाही, पाला नाही, तेल नाही. लहान मुलाचे पोट ते केवढे! वाटीभर पातळ भाताने ते भरते आणि अंग मात्र भरत नाही. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, डाळ-तेल घातलेले अन्न हवे. पण दिवसभर मजुरीवर असलेल्या आईने ते भरवावे केव्हा?

त्यात ऋतूची अडचण. दिवाळीनंतर कितीतरी पाडे ओस पडतात. माणसे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि अंगणवाडी गावातच राहते. पावसाळ्यात घरी परतावे, तो कणगी रिकामी होत आलेली, नवी नाचणी अजून शेतात, आणि ताप-जुलाब दारात.

यावरचा विचार आपल्याच मातीत झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस, पुढे कोसबाडला, मुलाच्या अंगणातच बालवाडी नेली. अन्नाचेही तसेच करावयास हवे. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. २०१५ मध्ये आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अंगणवाडीत गरम चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली, आणि पुढे बालकांना अंडे किंवा केळे मिळू लागले. येथे जेवण तेथेच वाढण्यात मर्म आहे. शिधा घरी नेला की तो साऱ्या घरात वाटला जातो, आणि आईच्या वाट्याला शेवटचे उरते. पानात वाढलेले तिच्याच पोटात जाते.

शिवाय घरचे धन आहेच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात दहादेखील नसते. टाकळा, शेवळी, कंटोळी पावसाळ्यात रानात उगवतात. सुकट-जवळा पापलेटाहून कितीतरी स्वस्त. हे गरिबाचे अन्न म्हणून आपण नाक मुरडले, आणि ज्यांचे ते होते त्यांनाही त्याची लाज वाटू लागली.

तेव्हा आपण काय करावे? ज्यांच्या भट्ट्या आणि बांधकामे आहेत, त्यांनी मजुरांसोबत आलेल्या मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत कळवावीत. तारापूरच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगारांना सांगावे की, गावच्या शिधापत्रिकेवरचे धान्य आता येथील रास्त भावाच्या दुकानातही मिळते. आणि रानभाजीची जुडी विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये; त्या पैशांतूनच तिला मुलासाठी डाळ घ्यावयाची असते.