पात्र एक, ओढे अनेक!

स्टेजवर एकच माणूस, एक स्पॉटलाइट आणि दीड-दोन तासांची गोष्ट. बाहेर पडताना आपण म्हणतो, ‘वा, एकट्याने काय किल्ला लढवला!’ पण माहीत आहे का, नदीचं पात्र एकच दिसलं तरी त्यात पाणी आणणारे ओढे डोंगराआड असतात? एकपात्रीचंही अगदी तस्संच! चला, विंगेत डोकावू या. मोबाइल सायलेंटवर टाका, तिसरी घंटा झालीय!

डिकन्सचा डॉल्बी

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आपल्या गोष्टी गावोगाव वाचून दाखवायचा, तेही तिकीट लावून! १८६७-६८ च्या अमेरिका दौऱ्यात त्याचे तब्बल ७६ प्रयोग झाले. सोबत कोण? मॅनेजर आणि चक्क एक खास गॅसवाला! विजेचे दिवे यायचे होते, म्हणून चेहरा उजळवणारी गॅसच्या दिव्यांची चौकटच दौऱ्यावर निघायची.

आणि साउंड चेक? डिकन्स डेस्कपाशी उभा राहून बोलायचा, मॅनेजर रिकाम्या हॉलमध्ये फिरून ऐकायचा. या मॅनेजरचं नाव माहीत आहे का? जॉर्ज डॉल्बी! गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीशी याचं काही नातं नाही, पण आवाजाचं खातं दोघांकडेही!

बुवांचा छुपा इंटरव्हल

आपला सुपरहिट टूरिंग शो कोणता? कीर्तन! नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावतात, हार घालतात आणि पेटी-तबल्याच्या साथीवर नामाचा गजर सुरू होतो. तेवढ्यात बुवांचा घसा विसावतो, आणि मग आख्यान दणक्यात! प्रेक्षकांना ब्रेक झाल्याचं कळतही नाही.

वारकरी कीर्तनात तर मागे टाळकऱ्यांची अख्खी फळी उभी. महाराजांनी अभंगाचा चरण धरला की टाळकरी तो उचलतात, मृदंग घुमतो आणि मंडप डोलू लागतो. सराउंड साउंड म्हणतात तो हाच!

चाळ पुलंची, किल्ल्या सुनीताबाईंच्या

१९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर आली. चाळीतली सगळी बिऱ्हाडं एकटे पु. ल. देशपांडे उभी करायचे. पडद्यामागचं बिऱ्हाड मात्र पत्नी सुनीताबाईंचं! सगळी व्यवस्था, शिस्त आणि हिशेब त्यांच्याकडे.

पुलंच्या लेखणीची आणि प्रयोगांची कमाई पुढे कुठे गेली, माहीत आहे का? पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानमार्फत समाजकार्यात! पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रालाही त्यांचा हातभार लागला. थिएटरात पिकलेला हशा कुणाच्या तरी घरात हसू बनून पोहोचला. याला म्हणतात हाउसफुल!

५२ पत्त्यांचा कॅट

पत्त्यांच्या कॅटात पानं किती? ५२. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पात्रं किती? तीही ५२! प्रा. लक्ष्मण देशपांडे लेखक तेच, दिग्दर्शक तेच, नटही तेच. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या मास्तरांनी मराठवाडी बोलीतलं वऱ्हाड थेट गिनेस बुकात नेऊन बसवलं.

२००९ मध्ये ते गेले, पण वऱ्हाड थांबलं नाही. अभिनेता संदीप पाठक यांनी तो अख्खा कॅट हातात घेतला आणि पुन्हा पिसला!

दहा मिनिटांचे सहा एमी

‘फ्लीबॅग’ ही वेबसिरीज पाहिलीत? मूळची ती एकपात्री! फीबी वॉलर-ब्रिजने एका कथाकथनाच्या कार्यक्रमात जेमतेम दहा मिनिटं सादर केली, आणि तिथून २०१३ मध्ये एडिनबरा फ्रिंज या कलामहोत्सवात पूर्ण प्रयोग उभा राहिला. दिग्दर्शन मैत्रीण विकी जोन्सचं, साउंड बहीण इझोबेलचा. पक्का घरचा डबा!

निर्माती होती फ्रॅन्चेस्का मूडी. २०१९ मध्ये तिनेच फ्रिंजला आणखी एक सोलो आणला, ‘बेबी रेनडिअर’. ‘फ्लीबॅग’ सिरीजला २०१९ मध्ये सहा एमी. ‘बेबी रेनडिअर’ सिरीजला २०२४ मध्ये? सहाच! याला म्हणतात सिक्सर!

कानात फुंकर

कॉम्प्लिसिटे या ब्रिटिश नाट्यसंस्थेच्या ‘द एन्काउंटर’मध्ये प्रत्येक प्रेक्षकाच्या कानाला हेडफोन! स्टेजवर सायमन मॅकबर्नी एकटा आणि समोर माणसाच्या डोक्याच्या आकाराचा माइक. तो त्या डोक्याच्या कानात फुंकर मारतो आणि लांबच्या रांगेत बसलेल्या तुमचा कान गरम झाल्यासारखा वाटतो. अंगावर काटाच! ही करामत गॅरेथ फ्राय आणि पीट मॅल्किन या साउंडवाल्यांची. २०१७ मध्ये दोघांना खास टोनी पुरस्कार मिळाला. ऐकलंत ना? ऐकलंतच!

एकटीची बदली

एकपात्रीलाही बदली कलाकार असतो, माहीत आहे का? ७ जून २०२३, न्यूयॉर्क. कॅनडातल्या वणव्यांचा धूर शहरभर पसरलेला. ‘प्रायमा फेसी’ ही एकपात्री सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली आणि अभिनेत्री जोडी कोमरला श्वास घेणं कठीण झालं. प्रयोग थांबला. पुढे काय? बदली कलाकार डॅनी आर्लिंग्टन स्टेजवर आली आणि तिने पहिल्या वाक्यापासून अख्खं नाटक केलं! कधी येईल सांगता न येणाऱ्या वेळेसाठी रोज तयार राहायचं. कडक सॅल्यूट!

आणि हा बंद लिफाफा!

आता शेवटचा बॉम्ब. दिग्दर्शक नाही, तालीम नाही, सेट नाही असं नाटक माहीत आहे का? इराणच्या नसीम सुलेमानपूरचं ‘व्हाइट रॅबिट रेड रॅबिट’! त्याने सक्तीची लष्करी सेवा नाकारली, म्हणून त्याला पासपोर्ट नव्हता. मग त्याने नाटकालाच जगाच्या टूरवर पाठवलं. दर प्रयोगाला नवा नट, आणि संहिता त्याच्या हातात पडते ती प्रेक्षकांसमोरच, बंद लिफाफ्यात.

म्हणजे टीम झीरो? छे! लिहिणारा हजारो मैलांवर, वाचणारा स्टेजवर, आणि मधे तो लिफाफा जपून ठेवणारा, वेळेवर हातात देणारा एक माणूस. तो नसेल तर गोष्ट सुरूच होत नाही!

तेव्हा पुढच्या एकपात्रीला एक टाळी स्टेजकडे तोंड करून. दुसरी? वळा मागे, लाइट केबिनकडे!