घाटे अळीचा विषाणू : फवारणीनंतर धीर धरा

चुडावा-पूर्णा परिसरातील काळ्या जमिनीत रब्बीचा हरभरा फुलावर आला की घाटे अळीची चिंता सुरू होते. एक अळी आपल्या आयुष्यात साधारणतः ३० ते ४० घाटे पोखरते. केवळ रासायनिक औषधांवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. १९८७-८८ मध्ये आंध्र प्रदेशातील कपाशीवर हीच अळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईनाशी झाली व शेतकरी कर्जात बुडाले. म्हणून अळीच्या नैसर्गिक रोगाचा उपयोग करून घेणे हिताचे ठरते.

हा रोग अल्फाबॅक्युलोव्हायरस या प्रजातीगटातील विषाणूमुळे होतो. बाजारात तो एच.ए.एन.पी.व्ही. या नावाने ओळखला जातो. विषाणूचे कण प्रथिनांच्या कवचात बंद असतात. पानासोबत ते अळीच्या पोटात गेले की तेथील अल्कधर्मी रसात कवच विरघळते व विषाणू शरीरभर पसरतो. अळीचे खाणे मंदावते, ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. कातडी फुटून पाझरणाऱ्या द्रवातून इतर अळ्यांनाही लागण होते. माणसे, जनावरे, मधमाश्या व मित्रकीटक यांना या विषाणूपासून अपाय होत नाही.

फवारणी केव्हा करावी?

हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात सलग २ ते ३ दिवस ८ ते १० पतंग आढळल्यास किंवा एक मीटर ओळीत १ ते २ लहान अळ्या दिसल्यास फवारणी करावी. हा विषाणू लहान अळ्यांवर चांगला काम करतो. अळी मोठी झाली की त्याचा परिणाम कमी होतो.

फवारणी कशी करावी?

हेक्टरी ५०० एल.ई. विषाणू ५०० लिटर पाण्यात मिसळावा. एका पूर्ण वाढलेल्या रोगग्रस्त अळीपासून मिळणाऱ्या विषाणूस एक एल.ई. म्हणतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे विषाणू निकामी होतो, म्हणून प्रति लिटर द्रावणात १ ग्रॅम राणीपाल टाकावी व फवारणी सायंकाळीच करावी. विषाणू पोटात गेल्याशिवाय काम करीत नाही. त्यामुळे पाने, फुले व घाटे सर्व बाजूंनी भिजली पाहिजेत. बाटली थंड व सावलीच्या जागी ठेवावी.

धीर का धरावा?

फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतात. औषध वाया गेले असे समजून बरेच जण लगेच दुसरे औषध फवारतात आणि खर्च दुप्पट होतो. अळ्या मरण्यास ४ ते ७ दिवस लागतात. चौथ्या दिवसापासून शेंड्यावर लटकलेल्या, काळसर पडलेल्या अळ्या शोधाव्यात. त्या दिसल्या म्हणजे विषाणू लागू पडला असे समजावे.

मात्र शेतात मोठ्या अळ्याच जास्त असतील तर वाट पाहण्यात पीक जाईल. अशा वेळी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के ४.४ ग्रॅम प्रति १० लिटर पाण्यात मिसळून फवारावे. थोडक्यात, विषाणूचा लाभ वेळेवर शेत पाहणाऱ्यालाच होतो. म्हणून हरभऱ्याला कळी लागताच दर दोन-तीन दिवसांनी शेतातून एक फेरी मारावी.