लांब पल्ल्याची लेन्स घेतांना शेतकऱ्यानें काय पाहावें

हल्लीं आपल्या खानदेशांत पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं डिजिटल कॅमेरा आला आहे. लग्नकार्याचे व जत्रेचे फोटो काढून झाले म्हणजे नजर शेतांतल्या पांखरांकडे वळते, आणि दूरची वस्तु जवळ आणणारी लेन्स घ्यावीशी वाटते. ही हौस वाईट नाहीं. परंतु तींत पैसा व्यर्थ जाऊं नये, म्हणून स्वतः ठेंच खाल्लेल्या मनुष्याचे चार शब्द बंधूंच्या उपयोगीं पडावे, या हेतूनें हें लिहीत आहें.

मुलकी खात्यांतील कारकुनीतून निवृत्त झाल्यावर मीं टपालानें एक स्वस्त लेन्स मागविली. तिच्यावर ८०० हा आंकडा होता व किंमत नऊ हजारांच्या आंत. एवढ्यावरच मी भुललों. पुढें माघ महिन्यांत यावल तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं एका नातलगाच्या शेतावर गेलों असतां, बांधापलीकडील वाळलेल्या सालईवर दिवसाढवळ्या एक पिंगळा बसलेला दिसला. मीं दहा-बारा फोटो घेतले. घरीं येऊन पाहतों तों सर्व धूसर. पक्षी आहे एवढें कळे. माथ्यावर ठिपके आहेत कीं नाहींत, हें कांहीं केल्या कळेना.

आणि प्रश्न त्या ठिपक्यांचाच होता. आपल्या गांवच्या चिंचेवर राहणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते अगदीं पुसट असून त्याच्या पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे असतात. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यानें खानदेशांत या रानपिंगळ्याचे नमुने मिळविले होते. १८८४ नंतर मात्र ११३ वर्षें तो कोणास सिद्ध करतां आला नाहीं. मध्यंतरीं १९१४ सालची म्हणून एक नोंद होती. ती रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनीं चोरलेल्या जुन्या नमुन्यास खोटी चिठ्ठी लावून केलेली निघाली. शेवटीं नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रॅसमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट या अमेरिकन अभ्यासकांस तो शहाद्याजवळ, म्हणजे त्या वेळच्या धुळे जिल्ह्यांत, पुन्हां दिसला. पुढें यावल अभयारण्यांतही तो आढळला. तेव्हां माझ्यासमोरील पक्षी कोणता, हें कळणें महत्त्वाचें होतें; आणि पुरावा माझ्या हातून निसटला.

माझी चूक कोठें झाली, तें हिशेबानें पाहूं. लेन्सवरील आंकडा म्हणजे तिचें नाभीय अंतर, मिलिमीटरांत. त्यास वस्तूच्या उंचीनें गुणून वस्तूच्या अंतरानें भागिलें म्हणजे कॅमेऱ्याच्या आंतील पडद्यावर पडणाऱ्या चित्राची उंची निघते. पिंगळा सुमारें २३ सेंटिमीटर उंच. तो ३० मीटरांवर असतां ३०० च्या लेन्सनें त्याचें चित्र २.३ मिलिमीटर पडतें. साधारण कॅमेऱ्याचा पडदा १५-१६ मिलिमीटर उंच असल्यामुळें तो पडद्याचा सातवा हिस्सा झाला. ६०० ची लेन्स लाविली तर चित्र ४.६ मिलिमीटर होतें. परंतु ३०० चीच लेन्स घेऊन आपण १५ मीटरांवर बसलों, तरीही तें ४.६ मिलिमीटरच होतें! लेन्स दुप्पट करण्यास पैसे पडतात. अंतर निम्मे करण्यास केवळ धीर लागतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. एफ ५.६ चा झरोका ठेवावयाचा तर ३०० च्या लेन्सला ५४ मिलिमीटर रुंदीचें तोंड पुरतें. ६०० च्या लेन्सला एफ ६.३ साठींही सुमारें ९५ मिलिमीटरांचें लागतें. म्हणून चांगली लांब लेन्स जड व महाग असते. सिग्मा व टॅमरॉन यांच्या १५०-६०० च्या लेन्सा दोन किलोंच्या आसपास भरतात. लांबीही मोठी व किंमतही थोडी असें दिसलें, म्हणजे झरोका अरुंद असेल किंवा कांच हलकी असेल असें समजावें. झरोका अरुंद झाला कीं शटर मंद ठेवावें लागतें व चित्र हलतें. ३०० च्या लेन्सनें हातांत धरून फोटो घेतांना शटर सेकंदाच्या ५०० व्या भागाहून मंद नसावें. लेन्समधील कंप शोषणारी योजना आपला हात सांवरते, उडणारें पांखरूं सांवरीत नाहीं.

तेव्हां प्रथम कॅनन ५५-२५० किंवा निकॉन ७०-३०० यांसारखी, कंप शोषणारी, अर्ध्या किलोच्या आंतील लेन्स घ्यावी. जुनी चांगली मिळाल्यास उत्तमच. जुनी घेतांना तिच्यांतून विजेरीचा उजेड पाडून आंत बुरशीचे तंतू आहेत का पाहावें. आपल्याच कॅमेऱ्यावर चढवून लांबांत लांब टोकास भिंतीवरील वर्तमानपत्राचा फोटो घ्यावा व चारी कोपऱ्यांतील अक्षरें वाचावीं. निकॉनच्या कांहीं साध्या कॅमेऱ्यांत मोटर नसते. त्यांवर जुन्या लेन्सा आपोआप फोकस होत नाहींत, हेंही ध्यानीं धरावें. पावसाळ्यांत लेन्स घट्ट झांकणाच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी.

ज्यास हतनूरच्या जलाशयावरील हिंवाळी बदकें टिपावयाचीं आहेत, त्याची गोष्ट निराळी. पाण्यावर अंतर तोडतां येत नाहीं. तेथें १५०-६०० ची लेन्स खरोखर कामास येते. ती दोघां-तिघांनीं मिळून घ्यावी. रानडुकरांनीं केलेल्या नुकसानीच्या पंचनाम्यासाठीं मात्र लांब लेन्स घेऊं नये. तुडविलेल्या पिकाचा फोटो मोबाइलनेंही निघतो.

शेतकऱ्याजवळ शहरी हौशी मनुष्याजवळ नसलेली एक वस्तु आहे, ती म्हणजे स्वतःची जागा. आपल्या बैलांस, ट्रॅक्टरास व आपल्यासही पांखरें सरावलेलीं असतात. उजाडण्यापूर्वीं विहिरीजवळच्या झोपडींत जाऊन बसावें. उन्हाळ्यांत दहा वाजल्यावर जमिनीवरून उन्हाच्या झळा उठूं लागतात. मग कितीही मोलाची लेन्स असो, दूरचें चित्र थरथरतेंच. परंतु घरट्याजवळ कधींही जाऊं नये. रानपिंगळ्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे, आणि एका फोटोपायीं त्यानें पिलें टाकावीं हें आपणांस शोभणारें नाहीं.

मीं पुढें जुनी ७०-३०० ची लेन्स घेतली व दुसऱ्या हिंवाळ्यांत त्याच बांधाच्या आडोशास चार सकाळ बसलों. चौथ्या दिवशीं त्याच सालईवर पिंगळा येऊन बसला. फोटोंत माथ्यावरील ठिपके पांढरे, ठळक, मोजून घ्यावे असे आले. तो साधा पिंगळाच होता. मागच्या वर्षींचा कोणता होता, तें आतां कधींच कळणार नाहीं.