वासराचे आयुष्य ठरविणारे पहिले सहा तास

शहरातील डेअरीत खरवसाच्या वड्या दिसल्या, की अनेकांची पावले थबकतात. मात्र ज्या चिकापासून खरवस होतो, तो मुळात वासरासाठी असतो आणि तो वेळेत मिळाला की नाही, यावर वासराचे जगणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ संरक्षणाविना. हे संरक्षण त्याला चिकातून मिळते. पण ते शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या सहा तासांनंतर झपाट्याने घटते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. वजनाच्या एक दशांश, म्हणजे तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक पहिल्या दिवशी मिळावा, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यातील मोठा वाटा पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा प्रश्न दोन रूपांत दिसतो. नाणेघाट, आहुपे परिसरातील पश्चिम पट्टा अतिपावसाचा आणि भातशेतीचा. येथे गाय दुधाबरोबरच बैलासाठीही पाळली जाते. शेजारच्या अकोले भागातील डांगी जनावरे अशा पावसाला सरावलेली असली, तरी नवजात वासराला ओला गोठा मानवत नाही. हगवण आणि फुफ्फुसदाह त्याला लवकर गाठतात. त्यातच गाय दूध बेताचेच देते आणि त्यातून घर व वासरू अशी वाटणी होते. उन्हाळ्यात चारा आटला, की दोघांच्याही वाट्याला कमी येते.

पूर्वेकडे कुकडी प्रकल्प आणि डिंभे धरणाच्या पाण्यावर ऊस, चारा व संकरित गायी वाढल्या. येथे दुधाची कमतरता नाही. परंतु दुधाचा प्रत्येक लिटर विकला जातो. कालवड उद्याची गाय म्हणून जपली जाते, गोऱ्ह्याचे तसे नाही. ट्रॅक्टर आला, कृत्रिम रेतन रुळले आणि 2015 च्या कायदादुरुस्तीने राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. बाजारात किंमत न उरलेल्या संकरित गोऱ्ह्याचे दूध मग हळूहळू तोडले जाते. याउलट शर्यतीच्या खिलार गोऱ्ह्याला खुराक मिळतो. जोपासना किमतीमागे जाते, ती अशी. सुमारे नव्वद टक्के कालवडी देणाऱ्या लिंगवर्गीकृत रेतमात्रा हा यावरील एक मार्ग आहे. उसात दडणाऱ्या बिबट्यापासून वाचविण्यासाठी मात्र बंदिस्त गोठ्याला पर्याय नाही.

बाकीचे उपाय स्वस्त आहेत. नाळेला टिंक्चर आयोडीन, कोरडी बसण्याची जागा, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर जंताचे औषध आणि गोचीड निर्मूलन. खरवसालाही हरकत नाही. भरपूर दुधाच्या संकरित गायीचा चीक वासराला पुरून उरतो. फक्त पहिला मान वासराचा असावा.