दारू, बार आणि फटाका

दिवाळीच्या आधी आमच्या हॉस्टेलच्या बोर्डावर दोन नोटिसा शेजारी शेजारी लागतात. एक, 'आवारात दारू आणल्यास कारवाई होईल' आणि दुसरी, 'आवारात फटाके उडवू नयेत'. मराठीच्या हिशोबाने एकाच नोटिशीत काम भागलं असतं! कारण आपल्याकडे प्यायची तीही दारू आणि उडवायची तीही दारूच. फटाक्याच्या दुकानावर 'शोभेची दारू' अशी पाटी वाचून माझा यूपीचा रूममेट पोट धरून हसला होता. "भाई, ये शोभा कौनसा ब्रँड है?"

हिंदीत त्याला बारूद म्हणतात, म्हणून त्याची पंचाईत. मराठीने मात्र फारसीतला 'दारू' हा शब्द घेतला आणि त्याच्यावर भलतंच ओझं टाकलं. फारसीत दारू म्हणजे मुळात औषध. तो अर्थ आपल्याकडे 'दवादारू' या जोडशब्दात अजून जिवंत आहे. मग औषधाची बंदुकीत घालायची पूड कशी झाली? गंमत म्हणजे चिनी भाषेतही तसंच आहे. तिथे या मिश्रणाचं नाव 'हुओ याव', म्हणजे आगीचं औषध. नवव्या शतकाच्या सुमारास तिथले किमयागार सोरा, गंधक असली द्रव्यं औषध म्हणूनच घोटत होते, त्यातून हे भडकणारं मिश्रण हाती लागलं.

आता आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. 1739 साली चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला तो तटाखाली सुरुंग खणून, त्यात दारू ठासून, बुरूज उडवून. रविवारी किल्ल्यात फोटो काढायला जाता तेव्हा सॅन सेबॅस्टियन बुरुजाकडे एकदा बघून या. ही दारू शोभेची नव्हती. 'शोभेची' हे विशेषण लावावं लागलं ते या लढाईच्या दारूपासून वेगळं सांगण्यासाठी.

शोभेच्या दारूला दारूकाम किंवा आतषबाजी हे जुने शब्द. आतश म्हणजे आग आणि बाजी म्हणजे खेळ. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली, ती 1953 मध्ये निघाली. त्यात त्यांनी पेशव्यांच्या बखरीतला एक किस्सा दिलाय. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवलं. तिथे दारूची लंका करतात आणि हनुमान ती जाळतो! पेशव्यांनी मग तसाच खेळ पुण्यात पर्वतीला करायला लावला. हाच मजकूर बखरीत 'फटाक्यांची लंका' असा वाचून बघा, मजाच जाते.

कारण फटाका हा शब्द दारूचा नाहीच, तो आवाजाचा आहे. फट्! हिंदीत पटाखा, कन्नडमध्ये पटाकी, तमिळमध्ये पट्टासु. सगळ्यांनी कानाला ऐकू आलं ते नाव ठेवलं. चाबकाचा फटका त्याच घरातला दिसतो. आणि इथे आपल्या ब्रँचचा प्रश्न येतो. सोरा 75, कोळसा 15, गंधक 10 हे काळ्या दारूचं प्रमाण. ती उघड्यावर पसरून पेटवली तर नुसती भस्सकन जळते, फट् होत नाही. कागदात घट्ट गुंडाळली की वायूला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि वेष्टन फाटतं. ते फाटणं म्हणजे फट्. सुतळी बॉम्बला सुतळी शोभेसाठी नसते, तिच्या पिळामुळे वेष्टन जास्त दाब सोसतं आणि आवाज मोठा होतो. म्हणजे दारू हे आतल्या मालाचं नाव आणि फटाका हे दाबून ठेवण्याचं. व्हायव्हाला कोणी विचारणार नाही, पण लक्षात ठेवा.

बाकीचे शब्द झटपट. भुईनळा आणि भुईचक्र कळतातच. लवंगी लवंगेएवढी. तोटा म्हणजे नळीत भरलेली दारू, आणि 'लक्ष्मी तोटा' हे नाव ज्याने ठेवलं त्याने नुकसान हा दुसरा अर्थ ध्यानात घेतला नसावा! बार मात्र फारच पसरला. लग्नाचा बार उडतो, भाषणाचा बार फुसका निघतो. 'बाण' हा एकेकाळी लढाईतला अग्निबाण होता, तो दिवाळीत बाटलीत उभा राहिला आणि आता त्याला सगळे रॉकेट म्हणतात. रॉकेट हा शब्द इटालियन 'रोकेत्ता'वरून आला. सूत कातताना लोकर गुंडाळायची छोटी काठी, आकार तसाच.

आता जरा कडू. फटाका, फटाकडी हे शब्द मुलींसाठी वापरले जातात हे मेसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. 'फटाकडी' नावाचा मराठी सिनेमा 1980 मध्येच आला होता, म्हणजे हा अर्थ काही आपल्या बॅचचा शोध नाही. काहींच्या मते ती स्तुती आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी लायब्ररीतून गर्ल्स हॉस्टेलला कँटीनच्या बाजूने जायची ती आता वर्कशॉपला वळसा घालून जाते, पावसात सुद्धा. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "त्या कट्ट्यावर फट् असा आवाज काढतात." शब्दसुद्धा पूर्ण लागत नाही, आवाज पुरतो. शब्दाचा अर्थ बोलणारा ठरवतो की ऐकणारा, यावर कट्ट्यावरच्या मंडळींनी एकदा तिच्यासमोर वाद घालावा. मी तिच्या बाजूने आहे.

सगळ्यात नवा शब्द 'हरित फटाके'. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2018 मध्ये कमी धूर आणि कमी आवाजाचेच फटाके विकायला परवानगी दिली, दिवाळीला रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली, लांबलचक माळांना आणि बेरियमच्या क्षारांना मनाई केली. अशा फटाक्यांचं संशोधन केलं त्यात आपल्या नागपूरची नीरी ही संस्था पुढे होती. आता केमिस्ट्री आठवा. ज्योतीला हिरवा रंग देणारं मूलद्रव्य कोणतं? बेरियम! तेव्हा हरित फटाका हिरवा दिसण्याची सोयच गेली.

आणि एक शब्द आपल्या खास किनाऱ्याचा, 'सादळणे'. पापड सादळतो, चिवडा सादळतो, तसा फटाकाही. वसईच्या दमट हवेत गेल्या वर्षीची उरलेली खोकी ट्रंकेत ठेवलीत तर वात सुरसुरते आणि विझते. असा फटाका गच्चीवर उन्हात वाळवून परत लावायचा मोह होतो, त्यापेक्षा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. सोरा पाण्यात विरघळतो, खेळ संपतो. बादली मात्र मेसची घेऊ नका, मेसचे काका ओरडतात.