ताटांतील फेरपालट

जमिनीचा कस राखावयाचा तर पिकांची फेरपालट पाहिजे, हें शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. परंतु फेरपालटीचा माल घेणार कोण, हा प्रश्न मागें उरतो. अमेरिकेंतील एका भोजनगृहानें त्याचें जें उत्तर शोधिलें तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें ३० मैलांवर पोकँटिको हिल्स नांवाचें खेडें आहे. तेथें रॉकफेलर घराण्याच्या जुन्या दगडी गोठ्यांत २००४ सालीं स्टोन बार्न्स हें शेतीशिक्षणाचें केंद्र व 'ब्लू हिल' हें भोजनगृह सुरू झालें. शेतांत जें तयार असेल तें पानांत वाढावयाचें, असा तेथील शिरस्ता.

तेथील मुख्य आचारी डॅन बार्बर यांस एम्मर गहूं, म्हणजे आपल्याकडील खपली, फार प्रिय. तो ज्या शेतकऱ्याकडून येई त्याचें शेत ते एकदां पाहावयास गेले, तों गहूं थोडक्याच जागेंत. बाकी रानांत राय, सातू, राजमा, मोहरी असलीं पिकें! गव्हाची चव या पिकांच्या बेवडांतून येते, आणि आपण मात्र एकटा गहूं उचलून बाकीच्यांकडे पाठ फिरवितों, हें त्यांस उमगलें. मग त्यांनीं तांदळाऐवजीं त्या धान्यांचा व कडधान्यांचा रिसोतो, म्हणजे इटालियन धर्तीचा आसट भात, शिजविला व त्यास फेरपालटीचेंच नांव दिलें. हा विचार त्यांनीं २०१४ सालीं 'द थर्ड प्लेट' या ग्रंथांत मांडला.

तेथें एका जेवणास शेंकडों डॉलर पडतात. तें श्रीमंतांचें पान खरें. परंतु त्यांतील तत्त्व आम्हांस परकें नाहीं. मंगळवेढ्याकडील जुनें रब्बीचें रान आठवावें. मध्यें मालदांडी ज्वारी, शेजारीं हरभरा व जवस, कडेनें करडई. तिच्या कांट्यांमुळें जनावरें आंत शिरत नसत. ताटांतहि तेंच: भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी व तीवर करडईचें तेल. रान व ताट यांचा हिशेब जुळत असे. ताटांतून तें तेल गेलें, तशी कडेची करडईहि जाऊं लागली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट. तथापि मानांकन एका पिकास मिळतें, जमिनीस मात्र सगळीं पिकें लागतात.

राज्यांत २०२० सालापासून कृषिपर्यटनाचें धोरण आहे, व हुरड्याच्या दिवसांत अनेक शेतकरी पाहुण्यांस मोल घेऊन जेवूं घालतात. अशाच एका शेतावर आम्ही गेलों असतां भोंवतीं हरभरा डोलत होता आणि पानांत शहरांतून आणिलेलें पनीर होतें. कारण पुसतां यजमान म्हणाले, "भाऊसाहेब, घरचं साधं जेवण पैसे देऊन कोण जेवणार?" पोकँटिकोचें उत्तर असें कीं, त्यासच लोक पैसे देतात, मात्र तें निगुतीनें रांधून, कोणत्या वावरांतलें हें सांगून वाढिलें पाहिजे.

यास्तव आमची सूचना एवढीच. पाहुण्यांस बोलाविण्यापूर्वीं आपल्या सर्व पिकांची यादी करावी, व प्रत्येकापुढें त्याच्या पदार्थाचें नांव लिहावें. ज्या पिकापुढील रकाना कोरा राहील, तें पीक रानांतूनहि लवकरच जाईल असें समजावें.