पंधराव्या वर्षी तोफांसमोर

२८ नोव्हेंबर १८५७. कानपूरच्या वेशीवर तात्या टोप्यांच्या तोफा धडाडत होत्या. जनरल विंडहॅमची फौज दोन दिवस मागे रेटली जात होती. तोफा बंद पाडायच्या म्हणून गोऱ्यांच्या ६४व्या पलटणीने थेट चाल केली. ब्रिगेडियर विल्सन त्यात पडला. तोफांपर्यंत जे पोचले त्यांत टॉमस फ्लिन हा आयरिश पोरगा होता. स्वतः जखमी असताना तो दोन गोलंदाजांशी हातघाईवर आला. वय पंधरा वर्षं तीन महिने, आणि पलटणीतलं काम ढोल वाजवण्याचं.

या झुंजीबद्दल १८५९ साली त्याला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. इतक्या कोवळ्या वयात तो मिळवणारे आजवर दोघेच.

पण पोरांना रणात न्यायचंच कशाला? लढाईला तोंड लागलं की काळ्या दारूच्या धुरात शेजारचा माणूस दिसत नसे, अधिकाऱ्याचा आवाज तर दहा पावलांवर विरायचा. ऐकू यायचा तो ढोल. उठा, जमा, चाल करा, मागे फिरा, प्रत्येक हुकमाचा ठोका वेगळा आणि तो तोंडपाठ हवा. ढोल थांबला की जखमींना उचलून मागे आणायचं. शिपायाला फटक्यांची शिक्षा झाली तर आसूड चालवायचं कामही ड्रमर मंडळींकडेच. पोरसवदा ड्रमर त्याच जथ्यात लहानाचा मोठा होई. ब्रिटिश फौजेतली ही शिक्षा १८८१ साली बंद झाली.

कंपनीच्या देशी पलटणींत ढोल-बासऱ्या बहुधा ख्रिस्ती मुलांकडे असत. त्यांत अनाथ आणि गोऱ्या शिपायांची पोरं पुष्कळ. ज्याच्यामागे विचारणारं कुणी नाही, तो मुलगा फौजेला सोयीचा होता.

कानपूरला तात्यांच्या बाजूने उभे असलेले ग्वाल्हेर कंटिंजंटचे शिपाईही इंग्रजांनीच तयार केलेले. कवायत तीच, इशारे तेच. येवल्याचे तात्या आपल्याला स्वातंत्र्यसमरातले सेनानी म्हणून प्रिय आहेत, आणि ते योग्यच. तरी काल एका छावणीत जेवलेली माणसं आज एकमेकांवर बंदुका रोखून होती, ही यादवीची कळाही त्या लढ्यात होती.

कानपूर लांब, पण फौज कोकणालाही परकी नव्हती. बुरोंडी-हर्णैचा किनारा सोडून वर चढलं की दापोली. १८१८ नंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली, त्यातून ‘कॅम्प दापोली’ हे नाव रुजलं. पुढे मुंबई फौजेतले पेन्शनर इथे राहिले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ कुटुंबासह इथेच होते. या फौजेत शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या, आणि अनेक महार कुटुंबांत अक्षर पहिल्यांदा पोचलं ते याच वाटेने. पलटणीत वाढणाऱ्या सगळ्याच मुलांच्या हाती पाटी आली असती तर किती बरं झालं असतं!

अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉनी क्लेम नऊ वर्षांचा असताना घरातून पळून ढोलवाला झाला. तो पुढे सैन्यातच चढत गेला आणि १९१५ साली निवृत्त झाला. त्याच्या कथा अमेरिकेत अजून सांगतात. फ्लिनला तसं दैव लाभलं नाही. १८९२ साली, पन्नाशीत, आयर्लंडमधल्या अॅथलोनच्या गरीबखान्यात तो वारला.

मुलांना थेट लढाईत उतरवू नये, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार फेब्रुवारी २००२ मध्ये अमलात आला. भारताने तो २००५ साली स्वीकारला. भरतीचं किमान वय सोळा असलं तरी अठरा पूर्ण झाल्याशिवाय जवानाला लढाईच्या क्षेत्रात पाठवत नाही, असं आपल्या सरकारने त्या वेळी लेखी कळवलं होतं.